नावापुरतं नाव

एनईएफटीच्या फॉर्मवर ज्याला पैसे पाठवायचे त्याचं नाव सुवाच्य अक्षरांत लिहायचं. सही जरा तिरकी आली की फॉर्म काउंटरवरून परत. पैसे मात्र वर्षानुवर्षं निव्वळ खाते क्रमांक पाहून जमा होत. नाव आपलं शोभेला. एक आकडा चुकला आणि तसं खातं निघालं, की रक्कम तिऱ्हाइताच्या पदरात. मग त्याच्या मिनतवाऱ्या!

यूपीआयवर भाजीवाल्याला 10 रुपये देतानाही आधी नाव दिसतं. किमान 2 लाखांच्या आरटीजीएसला ही चैन नव्हती.

अखेर रिझर्व्ह बँकेने फर्मावलं, की 1 एप्रिल 2025पर्यंत (थट्टा नव्हे) ऑनलाइन आणि शाखेतही पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय करा. ही सोय फुकट आहे; काउंटरवर आवर्जून मागा.