हरतालिकेच्या दिवशीची मॅच

"मॅच घरची म्हणतोस, मग ती पुण्याला कशी?"

मावशींच्या हातात सूप, सुपात जवळा. एक डोळा कुंपणावरून चालणाऱ्या मांजरीवर आणि दुसरा आमच्या दोरीवर वाळत घातलेल्या निळ्या जर्सीवर. जर्सी भाच्याची, मुंबई सिटी एफसीची. पोरगा राहतो बोईसरला, नोकरी तारापूर एमआयडीसीत, जीव मात्र अंधेरीच्या फुटबॉल मैदानात. मावशींना आळीतल्या प्रत्येकाची बित्तंबातमी असते. हा मध्येच एखाद्या दिवशी अपरात्री फाटकाची कडी वाजवत का येतो, एवढंच कोडं त्यांना सुटत नव्हतं. ते उलगडायला गेलो आणि मॅच पुण्याला गेल्याच्या गोष्टीत येऊन अडकलो.

गोष्ट २०२३ ची. त्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबई सिटीने जमशेदपूरला ३-१ असं हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये जागा मिळवली. आशियातल्या क्लबांची ही सगळ्यात मोठी स्पर्धा. आदल्या वर्षीही आपली टीम त्यात होती आणि इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवून त्या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरली होती. पण ते सगळे सामने सौदीत, रियाधला झाले. आम्ही ते टीव्हीवरच पाहिले. २०२३ मध्ये मात्र घरी तीन आणि बाहेर तीन, असा हिशेब होता. इराणचा क्लब, उझबेकिस्तानचा क्लब आणि सौदीचा अल हिलाल आपल्या अंगणात येणार म्हणून भाचा हवेत होता. मग कळलं की आशियाई महासंघाच्या अटींत अंधेरीचं मैदान बसत नाही. घरची पहिली मॅच पुण्याला, बालेवाडीत, १८ सप्टेंबरला.

"वार कुठला?"

"सोमवार."

"आणि तिथी?"

तिथी मला कुठली ठाऊक? मोबाइलमध्ये पाहिलं तर १९ सप्टेंबरला गणेश चतुर्थी.

"म्हणजे हरतालिका!" मावशींनी सूप खाली ठेवलं. "अरे, घरात बायका उपाशी, मखराला अजून कागद चिकटवायचाय, पहाटे मूर्ती आणायला जायचं, आणि हे पोरांना रात्री पुण्याला बोलावतात? त्या ऑफिसात कुणाकडे कालनिर्णय नाही का टांगलेलं?"

एवढ्या वर्षांत भाच्याने त्या मॅचबद्दल शंभर तक्रारी केल्या असतील. ही एक त्याला सुचली नव्हती. परदेशातल्या कचेरीत बसून तारखा ठरवणाऱ्यांना हरतालिका माहीत नसणारच. पण मुंबईच्या टीमचा घरचा प्रेक्षक चतुर्थीच्या आदल्या रात्री कुठे असतो, हे मुंबईत तरी कुणालाही सांगता आलं असतं.

एवढ्यात पलीकडचे अंकल आले. अंकल मूळचे वसईचे. वसईकडच्या गावांत पोराला चालता येण्याआधी बॉल लाथाडता येतो, असं ते सांगतात आणि निम्मं तरी खरं असावं. फुटबॉलचा विषय त्यांना भिंतीपलीकडूनसुद्धा ऐकू येतो.

"पुण्याला काय आजच नेतात होय?" अंकल म्हणाले. "कूपरेजचं काम निघालं तेव्हा मुंबई एफसीच्या आय-लीगच्या मॅचेस बालेवाडीलाच गेल्या होत्या. नाव मुंबईचं, खेळ पुण्यात. पार बॉलबॉयसुद्धा पुण्याचे!"

आणि मग कूपरेज. त्या मैदानाचं नाव काढलं की अंकलना आवरणं कठीण. रोव्हर्स कप तिथे व्हायचा, १८९१ पासूनची स्पर्धा. मोहन बागान यायचे, ईस्ट बंगाल यायचे, हैदराबादचे पोलीस यायचे. पण अंकलनी त्यात एक मुद्द्याची गोष्ट सांगितली. "वहिनी, चर्चगेटला उतरायचं आणि पायी कूपरेज. मॅच संपली की पायी परत. गाडी बदलायचं काम नाही, रिक्षावाल्याची मिनतवारी नाही."

मला हे फार पटलं. बोईसर ते चर्चगेट शंभर किलोमीटरच्या वर आहे. पण एका गाडीचा प्रवास म्हणजे आमच्या लेखी जवळ. २०१३ च्या एप्रिलमध्ये लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावायला लागली, तेव्हापासून तर आम्ही स्वतःला मुंबईकरच समजायला लागलो. अंधेरीही त्याच रुळांवर. शार्दूल ठाकूर पालघरचा. किट घेऊन लोकलने मुंबई गाठत तो घडला. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा आटपून आला तेव्हा अंधेरीहून लोकल पकडूनच घरी गेला होता, आणि हा तोच की दुसरा, म्हणून डब्यातली माणसं मोबाइलवर त्याचा फोटो शोधून ताडून पाहत होती. अंधेरी ते पालघर हे इंडियाच्या बोलरलासुद्धा घरचं अंतर. पण नेरूळ? नेरूळ नकाशावर चर्चगेटपेक्षा फार लांब नाही, तरी दादरला उतरा, मग कुर्ल्याला हार्बर पकडा. दोन वेळा जिने चढले की माणूस परगावी गेला.

"म्हणजे घरचं मैदान कुठलं, ते रेल्वे ठरवते," मावशी म्हणाल्या.

"रेल्वे नाही हो, विरार ठरवतं," अंकल म्हणाले. हेही खरंच. मॅच साडेसातला सुरू होते, संपायला साडेनऊ. वीरा देसाई रोडवरून रिक्षा मिळवायची, अंधेरीला विरार फास्टमध्ये घुसायचं, आणि विरारला उतरल्यावर पुढची डहाणूची गाडी कधी, याची चिंता. रात्री विरारच्या पुढे गाड्या विरळ होतात. भरपाई वेळेत गोल झाला तर भाचा आधी आनंदाने ओरडतो आणि मग घड्याळ बघतो. बालेवाडीहून तर त्या रात्री परतीचा प्रश्नच नव्हता. दोनशे किलोमीटरच्या वर, गाडी भाड्याने केली तरच. शिवाय मंगळवारी पहिली पाळी आणि दारात बाप्पा. भाचा गेला नाही. मॅच ०-२ हरली. आपण गेलो नाही म्हणून हरली, असं त्याचं अजून मत आहे.

"पण तू मघाशी नेरूळ म्हणालास. तिकडे कशाला जायचे?"

इथे मावशींनी मला बरोबर पकडलं. मुंबई सिटी २०१४ मध्ये सुरू झाली ती नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्येच. पहिल्या हंगामात अनेल्का तिथेच खेळला. २०१६ मध्ये टीम अंधेरीला आली, फोरलान आला त्या वर्षी. म्हणजे आज ज्या अंधेरीसाठी गळा काढायचा, ते मुळात दुसरं घर. तेव्हा नेरूळ-वाशीची माणसं हळहळली असतीलच की. आम्ही इकडे पेढे वाटत होतो. तक्रारीचा सूर शेवटी आपापल्या स्टेशनावरून ठरतो, हे मी मान्य केलं. अंकलनी केलं नाही. त्यांच्या मते नेरूळला फुटबॉलच नको, कारण ते स्टेडियम क्रिकेटचं. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये एवढं अंतर की शिवी दिली तर पोचायच्या आत हाफटाइम होतो.

मग नेमारचं प्रकरण निघालं. अल हिलालने त्या वर्षी नेमारला घेतलं होतं आणि गटात मुंबई सिटी निघाली. नेमार मुंबईला येणार! आमच्या आळीत फुटबॉल आणि व्हॉलीबॉल यांतला फरक न कळणारेही तिकीट विचारायला लागले. ती मॅच पुण्याला नाही, ६ नोव्हेंबरला नेरूळला ठेवली, मोठ्या स्टेडियममध्ये. आता बघा, हीसुद्धा घराबाहेरचीच मॅच. पण जागेवरून कुणी चकार शब्द काढला नाही. आमचा भाचा तर दोन बदल्या करून जायला तयार.

"आला का मग तो?"

"कोण?"

"तुमचा नेमार."

नाही आला. ऑक्टोबरच्या १७ तारखेला उरुग्वेविरुद्ध ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला. अल हिलाल त्याच्याशिवाय आले आणि २-० ने जिंकून गेले. मुंबई सिटी त्या गटातल्या सहाच्या सहा मॅचेस हरली. एवढं सगळं ऐकल्यावर मावशी म्हणाल्या, "हरायचंच होतं तर पुण्याला जाऊन पैसे कशाला घालवायचे? अंधेरीत हरता आलं असतं." भाच्याच्या शंभर तक्रारींचं सार यापेक्षा नेमकं कुणी मांडलेलं नाही.

अंकलना मात्र लोकांच्या तोंडावर हात ठेवायची सवय आहे. "तक्रार करायला सगळे. बघायला किती? २०१८ च्या जूनमध्ये इंडियाची मॅच अंधेरीतच होती, चायनीज तैपेईशी. इंडिया ५-० जिंकली. प्रेक्षक किती? २,५६९! कॅप्टन छेत्रीला दुसऱ्या दिवशी व्हिडिओ काढून विनवणी करावी लागली की बाबांनो, या, आम्हाला शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या." खरं आहे. पुढची केनियाविरुद्धची मॅच, छेत्रीची शंभरावी, खचाखच भरली. पण आधी विनवणी लागली, हे काही पुसता येत नाही. मी म्हटलं, जे २,५६९ आधीच आले होते त्यांचं काय? जागा हलवली की नेमका फटका त्यांनाच. बाकीचे घरात बसलेलेच होते. मॅच पुण्याला गेली काय आणि ताश्कंदला गेली काय, त्यांना फरक शून्य.

मावशींनी मग त्यांचं क्रिकेट काढलं. आयपीएल त्या मन लावून बघतात. २०१६ च्या दुष्काळात, लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं त्या उन्हाळ्यात, मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरच्या मॅचेस महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितल्या. मुंबई इंडियन्सचं घर विशाखापट्टणमला गेलं आणि फायनल वानखेडेवरून बंगळुरूला. "तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही गवताला पाजणार? जाऊ देत म्हटलं." पिचवर नेमकं किती पाणी लागतं आणि मॅच हलवून लातूरला किती घोट जास्त मिळाले, यावर तेव्हा बराच वाद झाला होता. मावशींच्या लेखी तो वाद फिजूल. कारण सांगितलं, कारण दिसत होतं, विषय संपला.

कारण दिसलं तरी सगळ्यांचं समाधान होतंच असंही नाही, हे अंकलनी कोलकात्यावरून दाखवलं. जानेवारी २०२५ ची मोहन बागान–ईस्ट बंगाल डर्बी गुवाहाटीला गेली, कारण पोलीस गंगासागरच्या मेळ्यात गुंतलेले. मेळा दरवर्षी संक्रांतीलाच भरतो. तो काही अचानक उगवला नव्हता. वर्षभर आधी कॅलेंडर हातात असताना डर्बी त्याच आठवड्यात ठेवायची आणि मग हात वर करायचे. मावशी लगेच म्हणाल्या, "बघ, तिथेसुद्धा कालनिर्णय नाही."

तिकडे युरोपात हे प्रकरण भलतंच वाढलं. स्पेनमधल्या व्हियारेयाल क्लबची बार्सिलोनाविरुद्धची घरची मॅच डिसेंबर २०२५ मध्ये थेट अमेरिकेत, मायामीला न्यायची ठरली. व्हियारेयाल म्हणजे काय, तर आपल्या बोईसरसारखं कारखान्यांचं गाव. फक्त तिथे फरश्या बनतात. गावात टीम आहे हीच त्यांची शान, आणि ती शान समुद्रापार दाखवायला काढलेली. ना दुष्काळ, ना मेळा, नुसता पैसा. यात एक गंमत झाली. स्पेनभरच्या खेळाडूंनी ऑक्टोबरमध्ये मॅच सुरू झाल्यावर १५ सेकंद जागचं हलायचंच नाही असं ठरवलं आणि पुतळ्यासारखे उभे राहिले. काही दिवसांत मायामीचा बेत रद्द. इटलीतल्या मिलान आणि कोमोची मॅच ऑस्ट्रेलियात पर्थला न्यायचं घाटत होतं, तेही बारगळलं.

"नुसते उभे राहिले आणि झालं?" मावशींना हे खरं वाटेना. त्या थोडा वेळ जवळा निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपल्याकडे अक्करपट्टी आणि पोफरण, दोन गावंच्या गावं उठली तारापूरच्या अणुकेंद्राच्या तीन आणि चार नंबरच्या युनिटसाठी. ती माणसं वर्षानुवर्षं कोर्टात उभी होती. त्यांना कुणी १५ सेकंदांत घर परत दिलं नाही. आणि तुमचा पोरगा एका मॅचसाठी तोंड फुगवून बसलाय."

यावर काय बोलणार? मी गप्प बसलो. अंकलसुद्धा बसले, आणि ते सहसा बसत नाहीत. मांजरीने तेवढ्यात सुपाच्या दिशेने एक पाऊल टाकलं, मावशींनी चप्पल उगारली, आणि विषय आपसूक हलका झाला.

"मी काय म्हणतो," अंकल म्हणाले, "एखादी मॅच इकडे आणायची. पालघर जिल्हा होऊन २०२४ मध्ये दहा वर्षं झाली. वाढवणला बंदर येतंय, बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन येतंय. एक धड स्टेडियम नको यायला?"

"इथे बोईसरला?" मावशींच्या चेहऱ्यावर आधी भीती आली. नवापूर नाक्यावर गाड्या कुठे लावणार, कंपन्यांच्या बसेस सुटायच्या वेळी गर्दी कशी निघणार, भोंगे किती वाजेपर्यंत वाजणार, एवढे प्रश्न त्यांनी एका दमात विचारले. मग त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं.

"इथे मॅच आणली तर ते अंधेरीवाले तक्रार करतील, नाही का रे?"

"करणारच. लांब पडेल म्हणतील."

"करू देत," मावशी सूप उचलत म्हणाल्या. "एकदा मॅच संपल्यावर रात्री अकराला बोईसर स्टेशनावर उभे राहू देत सगळे. आणि भाच्याला सांग, त्या दिवशी त्यांना चहा विकायचा. दुप्पट भावाने."