पण त्याआधी एक किस्सा...

'सुवर्णयुगातली गाणी' ऐकायला रविवारी संध्याकाळी नाट्यगृहात जाणार असाल, तर तिकिटाचे निम्मेच पैसे गाण्यांचे असतात हे समजून जावं. उरलेले निवेदनाचे. कीबोर्डवाला सूर धरतो, तबलजी हातोडी खाली ठेवतो, गायिका पदर सावरत माईकपाशी येते आणि निवेदक म्हणतो, "पण त्याआधी एक किस्सा..." गायिका मुकाट्यानं परत खुर्चीत.

किश्शाचा साचा ठरलेला आहे. रेकॉर्डिंगची रात्र, बाहेर धो धो पाऊस, स्टुडिओत एकच माईक, आणि टेक ओके झाल्यावर कुणीतरी दिग्गज रुमालानं डोळे पुसतो. हाच पाऊस ठाण्यात रफीसाहेबांवर पडतो, सांगलीत किशोरदांवर. प्रेक्षकांची काही हरकत नसते. पहिल्या रांगेतले काका तर किस्सा संपायच्या आत शेवट सांगून मोकळे होतात.

'यादों की बारात' (1973) मधल्या 'चुरा लिया'चंच बघा. सुरुवातीला काचेच्या ग्लासावर चमचा वाजतो, हे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्याच गाण्यात गिटार कुणी वाजवली म्हणून विचारा, अख्खं सभागृह छताकडे बघतं. ग्लासानं नाव काढलं, वादकाचं राहून गेलं.

दुसरा लाडका प्रांत म्हणजे चाल कुठून उचलली. याचे नियम मात्र कडक आहेत. आपल्या आवडत्या संगीतकारानं घेतली तर प्रेरणा, दुसऱ्याच्या आवडत्यानं घेतली तर चोरी. 'छाया' (1961) मध्ये सलील चौधरींनी मोझार्टच्या 40व्या सिम्फनीवरून तलत-लताचं द्वंद्वगीत केलं, ती प्रेरणा. 'शोले'तलं पंचमचं 'महबूबा' डेमिस रूसोसच्या गाण्यावरून आलं, ती चोरी. शेजारी पंचमभक्त बसला असेल, तर तीही प्रेरणा. मोझार्ट बिचारा 1791 सालीच गेला, त्यामुळे त्याच्या बाजूनं बोलायला कुणी नसतं.

परवाच्या कार्यक्रमात 'अमर अकबर अँथनी' (1977) मधलं अँथनीचं गाणं निघालं. अवाढव्य अंड्यातून टॉप हॅट घालून बाहेर पडणारा अमिताभ सगळ्यांना आठवला, टाळ्या पडल्या. ज्याचं नाव त्या गाण्यात आहे तो माणूस खराखुरा होता, हे निवेदकानं एका वाक्यात उरकलं. अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि अरेंजर. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. गाण्यातलं नाव ही शिष्याची गुरुदक्षिणा. या माणसानं 1958 साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात मोठा वाद्यवृंद उभा केला, आपल्या रागांवर बेतलेल्या स्वतःच्या रचना त्याच्याकडून वाजवून घेतल्या, लताबाई आणि मन्ना डे त्यात गायले. पुढे गोन्साल्विस अमेरिकेला गेले, परत आले, गोव्यात राहिले आणि 2012 साली वारले.

यात किस्सा कुठे आहे? व्हायोलिनचा ताफा एका दमात वाजावा म्हणून कुणीतरी रात्रभर बसून प्रत्येकाच्या वाटचं नोटेशन कागदावर उतरवायचं, सकाळी ते स्टँडवर लागायचं, संध्याकाळी रद्दीत जायचं. ना पाऊस, ना रुमाल. अशा माणसाला किश्शात शिरायचं तर अंड्यातूनच यावं लागतं.

निवेदकाचा हुकमी एक्का पुढेच होता. गाण्याच्या सुरुवातीला अमिताभ जे अगडबंब इंग्रजी फेकतो, ते निव्वळ बाष्कळ नाही. त्यातला एक तुकडा ब्रिटनचे पंतप्रधान डिझरायली यांच्या 1878 सालच्या भाषणातून आला आहे. प्रतिस्पर्धी ग्लॅडस्टनना त्यांनी टोला हाणला होता, की हा गृहस्थ शब्दांचा नुसता कसरतपटू आहे आणि स्वतःच्याच बडबडीची याला झिंग चढलेली आहे.

हे सांगायला निवेदकानं ग्लॅडस्टनच्या चार कारकिर्दी, व्हिक्टोरिया राणीची नाराजी आणि लंडनमधलं स्वतःच्या भाच्याचं घर, एवढा प्रवास केला. विंगेतून कुणीतरी घड्याळ दाखवत होतं. शेवटी गाणं एका अंतऱ्यावर आटपायचं ठरलं, आणि निवेदकानं तो टोला पुन्हा एकदा, हातवारे करून, मराठीत समजावला.

सभागृह हसलं. स्टेजवरचे वादक जरा जास्तच वेळ हसत राहिले.