पुडीवरचा पत्ता

विदर्भात कारंजा नावाची मोठी गावं दोन. एक लाडांचं, वाशीम जिल्ह्यात. दुसरं घाडग्यांचं, वर्धा जिल्ह्यात. नागपूर-अमरावती महामार्गावरच्या या दुसऱ्या कारंज्याला आपलं नाव कायम कंसासकट सांगावं लागतं. कंस विसरला की पार्सल भलत्याच जिल्ह्यात जातं. आतली वस्तू खरी असून भागत नाही, वरची चिठ्ठीही खरी लागते, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं.

२०२५च्या डिसेंबरात हे गाव कंसासकट देशभर गाजलं. महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, इथल्या झुडपी भागात मेफेड्रोन बनवण्याचा कारखाना उघडकीला आणला. १२८ किलो तयार माल, २४५ किलो कच्ची रसायनं, जुगाड करून उभे केलेले रिअॅक्टर, तिघांना अटक. मालाची किंमत १९२ कोटी सांगितली गेली. मोहिमेचं नाव होतं ‘ऑपरेशन हिंटरलँड ब्रू’. ब्रू म्हणजे गाळणं, आणि जिल्हा गांधींचा. पाच दशकांच्या दारूबंदीमुळे गाळणं या क्रियापदाची इथे जरा जास्तच ओळख आहे. हे नाव सुचलेल्या साहेबांना विनोदबुद्धी नाही, असं म्हणवत नाही.

दोषी कोण, ते न्यायालय ठरवेल. या सदराचं कुतूहल वेगळं आहे. फोटोत टेबलावर मांडलेला माल कोर्टाच्या टेबलावर पोचेपर्यंत त्याचं काय काय होतं?

मेफेड्रोनचं, म्हणजे बाजारातल्या एमडीचं, कायद्यातलं व्यापारी प्रमाण आहे ५० ग्रॅम. गांजाचं २० किलो. हा उंबरठा ओलांडला की १९८५च्या एनडीपीएस कायद्याचं कलम ३७ दार लावून घेतं. सरकारी वकिलांचा विरोध असेल तर जामिनासाठी न्यायालयाची दोन बाबतींत खात्री पटावी लागते: आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, आणि जामिनावर असताना तो कोणताही गुन्हा करणार नाही. पहिली गोष्ट खटल्याआधीच ठरवायची, दुसरी पंचांगात बघून. दार असं पोलादी आहे. त्याची कडी मात्र एका कागदी पुडीला बांधलेली आहे.

त्या पुडीला म्हणतात नमुना. मराठीत हा शब्द विचित्र माणसालाही लावतात, आणि तलाठ्याकडचा सात-बाराही गाव नमुनाच असतो. प्रयोगशाळेला पाच ग्रॅम पुरतात; अफू, चरस, गांजा असेल तर २४ ग्रॅम. प्रत्येकी दोन पुड्या. कारंज्यातल्या संत्रा बागायतदाराला यात नवं काही नाही. माती परीक्षणाला नेताना तो बांधाजवळची माती घेत नाही, शेतात चार-सहा ठिकाणी खड्डे करून एकत्र करतो आणि पिशवीत गट क्रमांकाची चिठ्ठी टाकतो. कापसाचा व्यापारीसुद्धा गाडीच्या वरचा कापूस बघत नाही. कोपरापर्यंत हात आत घालतो.

सरकारी नमुन्यासाठी एनडीपीएस कायद्यात कलम ५२-अ आहे. मालाची यादी, फोटो आणि नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर करायचे, मग तोच प्राथमिक पुरावा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मोहनलाल प्रकरणात हे पुन्हा बजावलं. २०२२च्या डिसेंबरात केंद्राने त्याचे वेगळे नियमच काढले. एवढी तयारी तर लग्नाच्या रुखवताचीही नसते.

आता काही नमुने बघू. मुंबईत २०२१च्या जानेवारीत अमली पदार्थ नियंत्रण विभागाने, म्हणजे एनसीबीने, तेव्हाचे मंत्री नवाब मलिक यांच्या जावयांना अटक केली. प्रकरण सुमारे १९४ किलो गांजाचं. प्रयोगशाळेत १८ नमुने गेले, त्यातले ११ गांजाचे नाहीत असा अहवाल आला. सप्टेंबरअखेर विशेष न्यायालयाने जामीन दिला. तोवर आठ महिने तुरुंगात गेले होते. अठरापैकी सात म्हणजे शंभरात एकोणचाळीस. दहावीच्या मुलाला एवढ्यावर पास करतात, पण त्यालाही निकालाची वाट घरी बघू देतात.

दुसरा नमुना त्याच वर्षीचा. घरझडतीत तीन पाकिटांतून ४८ किलो ‘हिरवा पानांचा पदार्थ’ जप्त झाला. आता गांजा म्हणजे काय, हे कायद्याने नेमकं सांगितलंय: झाडाचे फुलाफळांचे शेंडे. शेंडा सोबत नसेल तर नुसतं पान आणि नुसतं बी गांजात धरत नाहीत. पंचनाम्यात पानं होती, शेंड्यांचा पत्ता नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी २०२२च्या ऑगस्टमध्ये अटकपूर्व जामीन दिला. निंदण करताना तण आणि पीक ओळखता आलं नाही, तर आपल्याकडे मजुरी कापतात.

तेलंगणातल्या गांजाच्या खटल्याची तऱ्हा तर जेवणात घालण्यासारखी. मालात हिरव्या मिरच्या होत्या. मिरच्या वेगळ्या न काढताच वजन झालं. पंचनाम्यात पोती तीन, कोर्टात उघडली तेव्हा नवी कोरी सात. २०२४च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. भाजीबाजारातली बाईसुद्धा वजनाआधी मिरचीची देठं बघते.

आणि जिथे नमुन्याला माणूस पुरत नाही तिथे उंदीर कामाला येतो. मथुरेच्या पोलिसांनी २०२२ साली न्यायालयाला सांगितलं की ठाण्यात ठेवलेला ५८१ किलो गांजा उंदरांनी खाल्ला. शेजारच्या गोकुळात लोणी कोणी खाल्लं, याचा छडा लगेच लागायचा. तोंडाला लागलेलं असायचं. चेन्नईत २२ किलोंपैकी कोर्टापुढे उरलं नाममात्र, उरलेल्याला पुन्हा उंदीरच जबाबदार. २०२३मध्ये दोघे निर्दोष सुटले. या उंदरांची वैद्यकीय तपासणी कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

वकिलांनी मग ५२-अ हीच जामिनाची किल्ली केली, यात नवल नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३मध्ये नमुन्यांसाठी दंडाधिकाऱ्यांकडे उशिरा गेल्याबद्दल जामीन दिला. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती किल्ली काढून घेतली: ५२-अ पाळायला उशीर झाला किंवा ते पाळलंच नाही, एवढ्यावरून जामीन मिळणार नाही. कायद्याच्या दृष्टीने यात तथ्य आहे. तारखेच्या चुकीवर शेकडो किलो विषाचा व्यापारी सुटावा, असं कोणाला वाटेल? पण देशभरच्या मालखान्यांत त्या दिवशी जो सुटकेचा निःश्वास पडला असेल, त्याचीही दखल घ्यायला हवी. शिस्त मोडल्याची शिक्षा मोडणाऱ्याला होत नाही. ती एक तर तुरुंगात अहवालाची वाट बघणाऱ्याला होते, नाही तर एमडीच्या नादी लागलेल्या पोराच्या आईला, जिच्या डोळ्यांदेखत सात पोत्यांवाला सुटतो.

कारंज्याच्या १२८ किलोंत व्यापारी प्रमाणाचा उंबरठा २,५६० वेळा ओलांडला जातो. तरी जामिनाची सुनावणी होईल तेव्हा विचारलं जाईल ते पुडीबद्दलच: कोणी काढली, कोणासमोर, लाखेचं सील कोणाचं, मालखान्याच्या रजिस्टरला नोंद कितीची आणि वर चिठ्ठी काय.

तेव्हा वाचकहो, उद्या तुम्हाला कोणी चौकातून पंच म्हणून बोलावून नेलंच, तर चहा घेऊन कोऱ्या कागदावर सही करू नका. वजन डोळ्यांनी बघा, पोती मोजा, पुडीवरची चिठ्ठी वाचा. आणि तिच्यावर नुसतंच ‘कारंजा’ लिहिलं असेल, तर साहेबांना तिथेच कंस काढून घाडगे लिहायला लावा.