पोट सांभाळा, जव्हार आलं

ठाण्याहून जव्हारला जायचे तीन रस्ते आहेत. एक मनोर-विक्रमगडवरून, दुसरा भिवंडी-वाड्यावरून आणि तिसरा कसाऱ्याहून विहीगाव, खोडाळा, मोखाडा करत मागच्या दाराने. शहाणा माणूस अंतर, वेळ आणि जेवायची सोय बघून यातला एक निवडतो. ज्याच्या दारात वीस वर्षांची, टर्बोची, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर पळालेली सेडान उभी आहे, तो निवडत नाही; तो चौकशी करतो. त्या बाजूच्या ओळखीच्या माणसाला फोन लावतो. ‘रस्ता कसा आहे हो?’ ‘एकदम मस्त.’ मग मुद्द्याचा प्रश्न : ‘तुमच्याकडे गाडी कुठली?’ ‘बोलेरो.’ हे ऐकलं की आधीचं उत्तर रद्द समजायचं आणि पुढचा फोन लावायचा.

आमच्या गाडीच्या कंपनीचं नाव सांगत नाही. या वयात कोणाचीही गाडी अशीच वागते आणि तिची दुखणीबाणी चारचौघांत काढणं बरं नव्हे. एवढं सांगतो की ती बुटकी आहे, काळी आहे आणि कागदावर तिच्या पोटात दीडशेच्या आसपास घोडे आहेत. असल्या पळणाऱ्या सेडानचा आजार आपल्याकडे २००० च्या आगेमागे पसरला. त्या साली होंडा सिटीची व्हीटेक आली, १०६ अश्वशक्तीची. दिसायला बँकेच्या शाखाधिकाऱ्यासारखी आणि पळायला भलतीच. मग औरंगाबादजवळ शेंद्र्याला ऑक्टाव्हिया तयार होऊ लागल्या. २००४ च्या सुमारास तिची आरएस आली, टर्बो पेट्रोल, दीडशे अश्वशक्ती. पुढे रांजणगावच्या लिनियाला टी-जेट इंजिन बसलं. असल्या गाड्या नव्या असताना सर्जन आणि बिल्डर घेतात. दहा-बारा वर्षांनी त्या आमच्यासारख्या पगारदारांना परवडतात, म्हणजे परवडतात असं वाटतं. गाडीची किंमत उतरत जाते, सुट्या भागांची नाही. गाडी दीड लाखाला मिळते, पण तिचा हेडलाइट अजूनही पंधरा लाखांच्या गाडीचाच असतो. पंधरा वर्षं झाली की नोंदणी पुन्हा करायची. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेचं पाच हजार झालं, आणि त्यापुढचं आयुष्य सरकार पाच-पाच वर्षांच्या हप्त्यांनी देतं.

निघण्याआधी गाडी उस्तादांना दाखवली. उस्ताद म्हणजे आमचे मेकॅनिक. ते बॉनेट उघडत नाहीत. आधी गाडी चालू करून दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहतात. टायमिंग बेल्ट त्यांनी नुकताच बदलला होता. हा पट्टा रबरी, दातेरी. खालचा क्रँक आणि वरचे कॅम यांचा ताल तो जमवतो. तो तुटला तर पिस्टन वर येतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडेच असतात, दोघांची टक्कर होते आणि मग मेकॅनिकऐवजी भंगारवाल्याला फोन करावा लागतो. गंमत म्हणजे हा पट्टा किलोमीटरने मरतो तसा नुसत्या वयानेही मरतो. गाडी सोसायटीत झाकून ठेवली तरी त्याचं वय व्हायचं थांबत नाही.

‘उस्ताद, घाटात आवाज आला तर?’

‘कसला आवाज?’

‘कसलाही.’

‘मग गाणी लावा.’

असा धीर घेऊन आम्ही निघालो. मी, बायको, मेहुणे आणि मेहुण्यांचा बारा वर्षांचा मुलगा. डिकीत जादा इग्निशन कॉइल, प्लगचा संच, इंजिन ऑइलचा कॅन, रबरी पाइप, क्लिपा, पाने, स्कॅनर, टॉर्च आणि गाडीखाली आडवं पडायला एक जुनी चादर. माणसांचं सामान माणसांच्या मांडीवर. ‘अहो, आपण सहलीला चाललोय की गॅरेज शिफ्ट करतोय?’ असं बायकोने विचारलं. हा प्रश्न ती दर वेळी विचारते.

मनोरला हायवे सोडला आणि गतिरोधकांचं राज्य सुरू झालं. या विषयावर मी अधिकाराने बोलू शकतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडीने त्यावर हळूच चढावं आणि हळूच उतरावं. आमची गाडी रिकामी असताना जमिनीपासून चौदा सेंटिमीटर वर असते. चार माणसं आणि वर सांगितलेलं गॅरेज भरलं की अकरा. म्हणजे नियमातल्या गतिरोधकावर एक सेंटिमीटर शिल्लक राहतो, आणि त्या एका सेंटिमीटरवर आमचा संसार उभा आहे. पण गावात जे गतिरोधक भेटतात ते नियम वाचून बांधलेले नसतात. शाळेपुढे कोणाला तरी काळजी वाटलेली असते, रात्रीतून डांबर पडलेलं असतं, आणि काळजी जितकी जास्त तितकी त्याची उंची जास्त.

त्यावर आमची एक पद्धत ठरून गेली आहे. गतिरोधक दिसला की मी गाडी थांबवतो. मेहुणे आणि बायको उतरतात. मेहुण्यांचा मुलगा पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला चक्क पोटावर झोपतो आणि फट बघतो. ‘काका, या… या… डावीकडे… थांबा, चेंबर!’ मग मी गाडी तिरकी घालतो, एकेक चाक चढवतो, एकेक उतरवतो. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं. ते फुटलं की सगळं ऑइल रस्त्यावर येतं. पलीकडे गेलो की मंडळी परत बसतात. विक्रमगडच्या पुढे एका पाड्यावर एक आजी हे सगळं शांतपणे बघत उभ्या होत्या. त्यांनी बायकोला विचारलं, ‘बाई, नवस हाय का?’ बायको ‘हो’ म्हणाली. लग्नाचा, असंही तिने नंतर सांगितलं, पण ते मला.

विक्रमगड-जव्हारकडे मोगऱ्याची शेती बरीच वाढली आहे. कळ्या पहाटे तोडून दादरच्या फुलबाजारात जातात. बायको ते बघायला उतरली होती की दुसऱ्या गतिरोधकासाठी, हे आता आठवत नाही.

पण घाट सुरू झाला आणि मी एकदम माणसात आलो. जव्हार साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. पाऊस सरत आलेला, डोंगर हिरवे, समोर रस्ता मोकळा आणि नशिबाने नवा. दुसरा गिअर टाकला, काटा अडीच हजारांच्या वर गेला आणि टर्बोने ती बारीक शिट्टी घातली. इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरतं आणि तेच चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. म्हणजे टाकाऊ धुरातून वेग निघतो. वीस वर्षं झाली, अजून तिला हे जमतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्याने ॲव्हरेज थोडं घसरतं, जुन्या रबरी नळ्यांची काळजी वाटते. पण त्या क्षणी कशाचीही काळजी नव्हती. तीन वळणं मी अशी घेतली की मेहुण्यांनी पहिल्यांदाच वरचं हँडल धरलं. चौथ्या वळणावर नवा रस्ता संपला आणि समोर शेळ्या होत्या. आमच्यामागे काळी-पिवळी जीप होती, आत दहा-बारा माणसं, टपावर कोंबड्यांची खुराडी. शेळ्या बाजूला झाल्या. जीपने आम्हाला ओव्हरटेक केलं, खड्ड्यांतून सरळ, हॉर्न वाजवत. दीडशे घोडे आणि मी मागे राहून खड्डा कोणत्या बाजूने टाळायचा याचा विचार करत होतो.

जव्हारात पोचल्यावर मी इंजिन लगेच बंद केलं नाही. घाट चढून टर्बो तापलेला असतो. इंजिन बंद केलं की त्याच्या बेअरिंगांना ऑइल मिळणं थांबतं आणि आतलं ऑइल जळून कोळसा होतं. म्हणून दोन मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायची. बाजारात मध्यभागी उभी असलेली, आत ड्रायव्हर बसलेली, कुठेही न जाणारी चालू गाडी बघून लोक थांबले. ‘बंद पडत नाही का?’ एकाने सहानुभूतीने विचारलं. दुसऱ्याने नंबर प्लेट वाचली : ‘एमएच-०४. ठाण्याची.’ तशी ती याच जिल्ह्याची म्हणायला हरकत नव्हती. तिची नोंदणी झाली तेव्हा जव्हारही ठाणे जिल्ह्यातच होतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, राज्यातला छत्तिसावा जिल्हा. आमची गाडी या जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी आहे. हे मी त्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, ‘दिसतंय.’

जव्हार हे मुकणे घराण्याचं महादेव कोळ्यांचं संस्थान. चौदाव्या शतकापासूनचं, १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं. गावाची नगरपरिषद १९१८ ची, म्हणजे तीही राजेशाहीतली. शेवटचे राजे यशवंतराव दुसऱ्या महायुद्धात वायुदलात होते. ही माहिती मेहुण्यांनी जयविलास राजवाड्याच्या चढावर मोठ्याने वाचली. मी तेव्हा चढाचा कोन बघत होतो. डोंगरदऱ्यांच्या, खड्ड्यांच्या आणि ओढ्यांच्या राज्यातल्या राजाने विमानाचा मार्ग पत्करावा, यात निदान मला काही नवल वाटलं नाही. गुलाबी दगडाचा तो राजवाडा मंडळींनी चालत जाऊन पाहिला. मी गाडीच्या नाकाखालून पाहिला. एक दगड रबरी पट्टीत अडकला होता.

शिरपामाळावरही तेच झालं. १६६४ साली सुरतेवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या राजाने त्यांचं स्वागत केलं, असं इथे सांगतात. त्या फौजेची हजारो घोडी या डोंगरांतून सुरतेपर्यंत गेली. माझे दीडशे घोडे शिरपामाळाच्या वाटेवर एका मोरीच्या काठावर अडले होते आणि मुलगा पुन्हा पोटावर झोपला होता. दाभोसा धबधबा साधारण तीनशे फूट उंच आहे आणि भर पावसानंतर बघण्यासारखा असतो, असं मला तिघांनी वेगवेगळं सांगितलं. ते रिक्षाने जाऊन आले. मोबाइलवर मलाही दाखवला. छान आहे.

जव्हारहून मोखाड्याला निघालो तेव्हा तो आवाज आला. टक्. टक्-टक्. मागून, उजवीकडून. जुन्या गाडीचा मालक देखावा बघत नाही, ऐकतो. उताराला खुरासणीची पिवळी शेतं होती, वर नाचणी आणि वरई. बायको म्हणत होती, ‘अहो बघा तरी!’ मी काच खाली करून कान बाहेर काढला होता. लिंक रॉड असेल? शॉकअप? बुश गेला असेल? मी थांबून चाकाखाली आडवा झालो, टायर हलवले, पुन्हा निघालो. टक्-टक्. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा मेहुण्यांनी डिकी उघडली. पान्यांचा डबा ऑइलच्या कॅनवर आपटत होता. आवाज बंद करायला म्हणून आणलेलं सामानच आवाज करत होतं. तो डबा मेहुण्यांच्या मांडीवर गेला.

मोखाड्याच्या अलीकडे तापमानाचा काटा थोडा वर सरकला. घाबरण्यासारखं काही नव्हतं; कूलंट जरा कमी झालं होतं. अशा वेळी घालायला डिस्टिल्ड वॉटर मी बिसलेरीच्या बाटलीत भरून आणलं होतं. बाटली रिकामी होती. ‘पाणी अगदीच बेचव होतं हो भावजी,’ मेहुणे म्हणाले. आता पाणी मागायचं कोणाकडे? याच मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला वैतरणेवर मुंबई महापालिकेचं मध्य वैतरणा धरण आहे, १०२ मीटर उंच. २०१४ पासून रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी तिथून मुंबईला जातं. आणि एप्रिल-मे महिन्यात याच तालुक्यातल्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसतात. त्यांच्याच दारात मुंबईकडच्या माणसाने उभं राहून गाडीसाठी पाणी मागायचं, म्हणजे तोंड कुठल्या कंपनीचं हवं! पाऊस नुकताच सरल्यामुळे हापशाला पाणी होतं. हापशावरच्या बाईने हंडा बाजूला केला आणि न विचारता बाटली भरून दिली. ‘गाडीला का माणसाला?’ एवढंच विचारलं. गाडीला, म्हटल्यावर हसली.

मोखाड्याच्या नाक्यावर चहा घेतला. तिथे ती घाटातली जीप उभी होती. तिचा ड्रायव्हर आमच्या गाडीभोवती एक फेरी मारून आला. पहिला प्रश्न ठरलेला.

‘दादा, किती देते?’

‘घाटात सात-आठ.’

त्याने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. ‘आणि पळाली किती?’

‘दोन लाख चाळीस.’

‘चालूय मीटर?’

‘चालू म्हणजे? एकदम बरोबर आहे.’ हे मी अभिमानाने सांगितलं. मग दोन लाख चाळीसमध्ये काय काय बदललं तेही सांगितलं : टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच, चारही कॉइल, पुढचे लोअर आर्म. कुठल्या किलोमीटरला काय झालं याची वही आहे, तीही सांगितली.

‘तुमची किती झाली?’ मेहुण्यांनी त्याला विचारलं.

‘काय माहीत. मीटर बंद पडलाय सात-आठ वर्षं झाली.’ त्याने चहाचा ग्लास ठेवला, पॅसेंजर मोजले, दोघांना मागे लटकायची जागा करून दिली. ‘तेव्हापासून गाडीला काही झालं नाही.’

आम्ही खोडाळ्याकडे वळलो. मांडीवर पान्यांचा डबा घेऊन मेहुणे बराच वेळ गप्प होते. विहीगावच्या उतारावर त्यांनी विचारलं, ‘भावजी, त्या मीटरचा फ्यूज कुठला हो?’