दुरुस्तीकाका

नाव ऐकून हातात पाना असेल असं वाटतं. पण काका यंत्रं दुरुस्त करतात ती फक्त कामावर. मोबाइलवर ते माणसं दुरुस्त करतात. भिलाईजवळच्या रसमड्याच्या स्पंज आयर्नवाल्यांचा एकही व्हॉट्सॲप ग्रुप असा नसेल, ज्यात हा नग नाही.

काकांचे वडील विदर्भातून भिलाईला आले. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाई स्टील प्लांटच्या, म्हणजे बीएसपीच्या, पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं, त्या काळातली ही भरती. वडील बीएसपीत चिकटले, सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं. काकांना बीएसपीने घेतलं नाही. ते डिप्लोमा काखोटीला मारून रसमड्याला किल्नवर लागले. पुढे जे काही भडकतं, त्याचा कोळसा इथून येतो.

एखादा नवा पोरगा रात्रपाळीतून विचारतो, "सर, किल्नमध्ये ॲक्रिशन लवकर जमून राहिलं. काय करू?" प्रश्न खरा आहे आणि पैशांचाही. फिरत्या लांबलचक नळकांड्यात लोहखनिज आणि कोळसा हजारएक अंशांना भाजत पुढे सरकतात आणि खनिजाचं स्पंज आयर्न होतं. आतल्या अस्तरावर थर चढत गेला की वाट अरुंद होते. मग किल्न बंद करा, थंड व्हायची वाट बघा आणि माणसं आत उतरवून थर फोडा. एक सज्जन उत्तर देतो, "टेंपरेचर चढलं की लोखंड वितळून चिकटतं. हवा कमी करून बघ."

"एक छोटीशी दुरुस्ती," काका प्रकटतात. "शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळतं. किल्नमध्ये ते वितळत नाही. चिकटते ती कोळशाची राख आणि खनिजाचा चुरा. त्यांचं मिश्रण बरंच आधी मऊ पडतं. मूलभूत गोष्टी तरी वाचाव्यात."

पंचाईत अशी की काका बरोबर असतात. चुकले असते तर लोक हसले असते आणि प्रकरण मिटलं असतं. सज्जनाचा उपाय ठीक होता, काकांचं कारण ठीक होतं, दोन्ही जोडून पोराची रात्र निभली असती. पण त्या शेवटच्या वाक्याने सज्जनाचा कान सगळ्या ग्रुपसमोर पिळला गेलेला असतो. आता त्याला किल्नशी काही देणंघेणं उरत नाही.

भांडण किती तापलंय हे कळायला आमच्याकडे थर्मोकपल लागत नाही. 'भाऊ'चं 'तुम्ही' झालं की उबारा समजावा. 'तुम्ही'चं 'आपण' आणि 'आपण'चं 'आदरणीय' झालं की चटका बसतो. आणि दोन मराठी माणसांत एकाने "देखिए" म्हणून हिंदी सुरू केली की पोरासोरांनी बाजूला व्हावं. जोडलेल्या हातांचं चित्र तर नमस्कारासाठी वापरायची सोय आता राहिलेली नाही.

तेवढ्यात बीएसपीतून निवृत्त झालेले एक साहेब उतरतात आणि विचारतात, "रसमड्याच्या भट्टीत फॉस्फरस निघतो का हो?" घाव वर्मी बसतो, कारण त्यात तथ्य आहे. स्पंज आयर्न पुढे ज्या इंडक्शन भट्टीत वितळवतात, तिच्यात फॉस्फरस काढणं अवघड. मालात जो आला, तो बहुतांशी सळईत जातो. काका तात्काळ सळईच्या मानकाचं, आयएस १७८६चं, पान फेकतात: एफई ५०० सळईला फॉस्फरस ०.०५५ टक्क्यांपर्यंत चालतो, ५०० डीला ०.०४०पर्यंत. माल नीट निवडला तर आम्हीही त्यात बसतो! साहेब विचारतात, "आपल्या घराला कोणता सरिया लावला?" काका विचारतात, "आपल्या जावयाच्या घराला?" इथे धातुशास्त्र संपतं आणि सोयरीक निघते. पोराचा प्रश्न वर कुठेतरी राहून गेलेला असतो.

हा दोष केवळ छत्तीसगढच्या उन्हाचा नाही. २९ जानेवारी १९९२ला ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी बावीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सला इंटरनेटवर चारचौघांत सुनावलं, की तुझ्या लिनक्सची रचना जुनाट आहे. वाद ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, कसा बांधावा याचा होता. पण लगोलग प्राध्यापक गुणांवर आले: माझा विद्यार्थी नाहीस हे नशीब समज, असल्या रचनेला मी चांगले गुण दिले नसते. रसमड्यात यालाच 'डिग्री की डिप्लोमा' म्हणतात, आणि त्या स्टेशनावर आमची प्रत्येक गाडी थांबते.

हेच काका कंट्रोल रूममध्ये बघावेत. तोच पोरगा घाबरून उभा असतो. काका आलेख बघतात, "थांब बाप्पा, पाहू दे," म्हणतात, कोळसा मुठीत घेऊन चुरा किती ते बघतात, लॅबला राखेचा आकडा विचारतात. अंदाज हुकला तर "अस्सं? मंग कोळसा बदलून पाहू," एवढंच. ना पुस्तक निघतं, ना कॉलेज. चहा त्यांच्याच पैशाने येतो. किल्नला काकांचं शिक्षण विचारायची सवय नाही, आणि साहेब तिथे नसतात.

शेवटी ॲडमिन कंटाळून सगळ्यांची तोंडं बंद करतो. ग्रुपवर आता फक्त त्यालाच लिहिता येतं. काका दोन दिवस तळमळतात. तिसऱ्या दिवशी स्वतःचा ग्रुप काढतात, नाव 'शुध्द तांत्रिक चर्चा', आणि सगळ्यात आधी जोडतात ते बीएसपीच्या साहेबांना. मिनिटभरात साहेबांचा निरोप येतो: आदरणीय, नावातला 'शुद्ध' आपण अशुद्ध लिहिला आहे.