श्रेय बाटलीला

श्रावणात डेंग्यू होतो. पंधरवड्यात माणूस उठून कामाला लागतो, प्लेटलेट वाढल्याचा रिपोर्ट नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो आणि पपईच्या पानांचा रस पाजणारी मावशी विजयी होते. मग दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मोरीच्या जाळीत केसांचा बुचका सापडतो आणि घरावर अवकळा पसरते. या घडीला डेंग्यू कुणालाही आठवत नाही. आठवतं ते बोअरचं पाणी, बदललेला शाम्पू, ऑफिसातला ताण आणि सुनेच्या बाबतीत तिचं रात्री-अपरात्री केस धुणं.

आपल्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि प्रत्येकाचं पंचांग वेगळं. दोन ते सहा वर्षं वाढायचं, दोन-तीन आठवडे आवराआवर करायची, मग तीनेक महिने स्वस्थ बसून गळून पडायचं. म्हणून रोज पन्नास-शंभर केस जाणं हा नित्याचा कारभार आहे. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा लग्नाआधी महिनाभर काकडीवर काढणं, यांपैकी काही घडलं की बरेच केस एकदमच विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. मुळं शाबूत असतात. तिथून नवा केस आपसूक निघतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने. म्हणजे शिमग्यापर्यंत कपाळाच्या कडेला लव दिसू लागते.

या दिवाळी ते शिमगा पट्ट्यात जो बाटली विकेल तो जिंकला. रस्ता आधीच्या आमदाराने मंजूर करून घ्यायचा आणि नारळ नव्याने फोडायचा, तसं हे श्रेय. बाटली रोजमेरीची असो, कांद्याच्या रसाची असो की 'आदिवासी' लेबलाची. तिने काही न करताही फोटो आधीचा-नंतरचा असाच येणार.

रोजमेरीवाले तर संशोधन दाखवतात. २०१५ साली इराणमधल्या शंभर रुग्णांवरची चाचणी: निम्म्यांना रोजमेरी तेल, निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल, म्हणजे टकलावरचं औषध. सहा महिन्यांनी दोन्हीकडे केस थोडे वाढले. नुसतं साधं तेल चोळणारा तिसरा गट मात्र ठेवलाच नव्हता. त्यामुळे श्रेय रोजमेरीचं, चोळण्याचं की सहा महिन्यांचं, हे विचारायची सोय नाही. चंपीवाल्यांचा पुरावा जपानचा, २०१६ चा: नऊ पुरुष, रोज चार मिनिटं यंत्राने मालीश, चोवीस आठवडे. केस किंचित जाड झाले, वाढीचा वेग काही वाढला नाही. नऊ पुरुष! आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या भांडणातही याहून जास्त असतात.

खोबरेल तेलाबद्दल बोललं की आई दुखावते, म्हणून जपून बोलतो. धुताना केसातलं प्रथिन निघून जातं, ते जाणं खोबरेल तेलाने कमी होतं, असं २००३ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं. अभ्यास मुंबईच्या मॅरिकोतलाच, म्हणजे खोबरेल विकणाऱ्यांचाच. तरी खोबरेल केसात शिरतं हे मानायला हरकत नाही. पण ते सांभाळतं उगवलेला केस. न उगवलेल्याशी त्याचा परिचय नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं, की शुद्ध खोबरेल छोट्या पॅकमध्ये असलं तरी 'केसांचं तेल' म्हणून विकत नसाल तर ते खाद्यतेलच. प्रश्न कर कमी लागायचा की जास्त, एवढाच होता. तरी कायद्याच्या नजरेत आपण पिढ्यान् पिढ्या डोक्याला फोडणीचं तेल लावत आलो, हे बरं झालं कळलं.

कोंडा असेल तर ही फोडणी रात्रभर ठेवू नये. कोंड्यामागची बुरशी तेलकटपणावरच जगते. आपण तिला मुक्कामी ठेवून जेवूही घालतो. त्यापेक्षा बुरशीविरोधी शाम्पू तीन ते पाच मिनिटं टाळूवर राहू द्यावा. आपण तो लावून लगेच धुतो आणि 'काही उपयोग नाही' म्हणून मोकळे होतो.

सौम्य दिनक्रम म्हणतात तो खरं तर असाच, न करण्याच्या गोष्टींचा. शाम्पू नखांनी नव्हे, बोटांच्या पेरांनी. कढत पाणी नको. ओले केस पंचाने फटकारायचे नाहीत. ओला केस नाजूक असतो, त्याला कसली शिक्षा? कंगवा रुंद दातांचा. कपाळ ताणून डोळे वर जातील असा अंबाडा रोज घातला तर पुढचे केस मुळातून हटतात आणि वर्षानुवर्षं हेच चाललं तर परत येत नाहीत. या सगळ्याला खर्च शून्य, म्हणून याची जाहिरात कुणी करत नाही.

आणि आधी कारण. गोल चकती पडली तर ती चाई, तिचा रस्ता वेगळा. थायरॉइड, लोह यांची तपासणी रक्तात होते, रीलमध्ये नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस हात फिरवताच हातात येऊ लागले. संशय आधी शाम्पूवर, मग पाण्यावर, बुरशीवर. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे. तोवर तिथे कुणी कितीही मायेने चंपी केली असती तरी पोळी तीच होती.

बापाकडून किंवा आईकडून वारशात आलेलं टक्कल मात्र दिनक्रमाला दाद देत नाही. तिथे औषध लागतं, आणि त्यातलं सर्वांत जुनं मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवले, तेव्हा कुणाला तरी डोकं आठवलं. १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावायला मंजूर झालं. ते चालू केल्यावर पहिले काही आठवडे केस आणखी गळतात, कारण जुने जागा सोडतात. नेमकं तेव्हाच आपण ते बंद करतो आणि शेजारणीने सांगितलेली बाटली आणतो. परिणाम कळायला चार-सहा महिने लागतात. थांबवलं तर आलेलेही जातात.

आपल्या औषध नियमांत 'अनुसूची जे' म्हणून एक यादी आहे: कोणत्या आजारांवर इलाजाचा दावा औषधाने करायचा नाही, याची. तिच्यात एड्स आणि कर्करोगाच्या पंगतीला टक्कल बसलं आहे आणि नवे केस उगवणंसुद्धा. बाजार अर्थात कायदा पाळतो. म्हणून बाटलीवर 'केस उगवतात' असं नसतं. 'केसगळती कमी' असतं, त्यावर एक तारा असतो आणि मागच्या बाजूला, बारकोडच्या खाली, मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं: तुटण्यामुळे होणारी. मुळातून गेलेल्याची चौकशी कंपनीकडे करू नये.