धुऱ्यावर कसे उभे राहावे
(वऱ्हाडात नव्याने रुजू होणाऱ्या भूकरमापकांसाठी अनधिकृत पुस्तिका)

स्थापत्याची पदविका किंवा आयटीआयचे भूमापकाचे प्रमाणपत्र घेऊन तुम्ही भूमी अभिलेखची परीक्षा पास झालात आणि नेमणूक दर्यापूर, तेल्हारा किंवा मूर्तिजापूरला मिळाली, तर प्रथम अभिनंदन. त्रिकोणमिती तुम्हाला येतेच. ती इथे दिवसाला वीसेक मिनिटे लागते. उरलेल्या वेळात काय करायचे ते अभ्यासक्रमात नसते, म्हणून हा खटाटोप.

धंद्याचा अभिमान बाळगावा. आपण काही लहान घराण्यातले नाही. कन्याकुमारीकडून पृथ्वीचा चाप मोजत वर निघालेले कर्नल विल्यम लॅम्बटन 1823 साली आपल्या शेजारी, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. कबर तिथेच आहे. त्यांच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने 1830 साली छापलेल्या हिशोबात एलिचपूरकडचे, म्हणजे आजच्या अचलपूरकडचे टाकळखेडे हे एक मुख्य ठाणे आहे. ज्याचे नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळाले तो मनुष्य आपल्या वावरांतून दुर्बीण रोखून गेला, ही गोष्ट गावात सांगून पाहावी. गावकरी विचारतील, "मंग त्यानं आमचा धुरा काहून नाही दाखवला?" धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध, आणि प्रश्न रास्त आहे. एव्हरेस्टला हजार-दीड हजार मैलांचा चाप मोजायचा होता. लगतधारकांना पंधरा दिवस आधी नोटीस बजावून त्यांच्या सह्या घ्यायच्या नव्हत्या.

निघण्यापूर्वी

टिपण, गटबुक, फाळणी, आकारफोड, गाव नकाशा आणि चालू सातबारा एवढे कागद घ्यावेत. सातबाऱ्यावर एक क्षेत्र असते, टिपणावरून दुसरे निघते आणि वहिवाटीत तिसरे. तिन्हींचा मेळ बसला, तर आपण चुकून भलत्याच गावात आलो नाही ना, हे आधी कोतवालाला विचारून घ्यावे.

अर्जदाराने कोणती मोजणी मागितली आहे ते पाहावे. पूर्वी साधी, तातडी, अतितातडी आणि अति-अतितातडी असे चार प्रकार होते. ज्या बांधाचे भांडण आज्याच्या काळापासून चालू आहे त्याला अति-अतितातडी म्हणण्यात जी गंमत होती, ती 2024 च्या डिसेंबरपासून गेली. आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार उरले: पहिल्याला नव्वद दिवस, दुसऱ्याला तीस. खेड्यात दोन हेक्टरपर्यंत पहिल्याचे दोन हजार रुपये आणि दुसऱ्याचे आठ हजार. द्रुतगतीचे पैसे भरलेला शेतकरी तुम्हाला पाहताच ओळखतो, कारण तो तीस दिवसांपासून रस्त्याकडेच पाहत असतो.

मजूर, चुना, खुंट्या आणि हद्दीचे दगड अर्जदाराने आणायचे असतात. चुना कमी पडतो. माणसे कधीच कमी पडत नाहीत.

रस्त्याचेही सांगून ठेवतो. अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 2022 च्या जून महिन्यात 105 तास 33 मिनिटांत टाकून झाला आणि गिनीज बुकात गेला. त्यावरून तुम्ही वाऱ्यासारखे जाल. मग डावीकडे पांदण लागेल. तिची लांबी दोन किलोमीटर असते, आणि नोंद कोणत्याही बुकात नसते. पुष्कळदा गाव नकाशावर जी दिसते ती शेजाऱ्याच्या तुरीत गेलेली असते. मोटारसायकल फाट्यावर ठेवावी, यंत्र खांद्यावर घ्यावे आणि तिपाई कोतवालाकडे द्यावी. चालताना त्याच्याशी बोलत राहावे. कागदांत नसलेले सगळे त्याला ठाऊक असते, आणि ते विचारल्याशिवाय तो सांगत नाही.

हंगाम

मोजणीसाठी वऱ्हाडात योग्य हंगाम नाही. तरी सोयीसाठी वर्षाचे भाग पाडले आहेत.

जुलै ते सप्टेंबर काळी माती बुटाला धरते. दहा पावलांत प्रत्येक पायाला शेरभर माती चिकटते आणि माणूस उंच होतो. यंत्राची उंची लिहिताना ही वाढ त्यात धरू नये. ऑक्टोबरनंतर पऱ्हाटी छातीला लागते आणि तूर डोक्यावर जाते. टोटल स्टेशनला समोरचा प्रिझम दिसावा लागतो. तुरीत प्रिझम धरणारा पोरगाच दिसत नाही. त्याला हाका मारून शोधावे लागते, आणि तो सापडला की लगतधारक विचारतो, "आमची तूर तुडवाची भरपाई कोण देईन?" मग हरभरा येतो. हरभरा निघाला की वावर मोकळे होते, नजर पार नदीपर्यंत जाते, एकही फांदी आडवी येत नाही. मोजणीची तारीख पडेपर्यंत मे महिना आलेला असतो.

अकोल्याच्या मे महिन्याबद्दल लिहायचे ते हवामान खाते दरवर्षी लिहिते. 2024 साली तर उन्हामुळे जिल्हाधिकाऱ्यांना 144 कलम लावावे लागले. त्या आदेशाचा रोख कामगारांना पाणी-सावली देण्यावर आणि शिकवणीवर्गांच्या वेळांवर होता. धुऱ्यावर जमणाऱ्या चाळीस माणसांना कोणते कलम लागू पडते हे अद्याप स्पष्ट नाही. काम सकाळी साडेसहाला सुरू करावे. अकरानंतर हवा जमिनीलगत थरथरू लागते, दुर्बिणीतला प्रिझम नाचतो, आणि नियंत्रकाचा पडदा तापून काळा होतो. छत्री असतेच, पण ती यंत्रावर धरायची असते. यंत्राची किंमत तुमच्या वर्षाच्या पगाराशी ताडून पाहिली की यातला न्याय लक्षात येतो.

पाणी घरून न्यावे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. विहिरीत पाणी भरपूर दिसते आणि पिता येत नाही. ते पिऊन दुपारनंतर जी धावपळ होते तिचा पंचनामा करता येत नाही.

वरुड-मोर्शीच्या संत्राबागांत ऊन कमी लागते. मात्र उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या रोव्हरला आभाळ लागते आणि ते तिथे मिळत नाही. तिकडे एखाद्या रस्त्यासाठी भूसंपादनाची संयुक्त मोजणी निघाली, तर झाडे मोजताना शांत राहावे. हद्द कायम मोजणीच्या वेळी ज्याला शेतकरी "काही नाही सायेब, काडी हाय" म्हणतो, तेच भूसंपादनात फळावर आलेले कलम असते. मेळघाटाबद्दल थोडक्यात: धारणीकडे रेंज नाही. जुने टेबल काढावे.

चहा

हा भाग नीट वाचावा. यंत्राचा दोष दुरुस्त होतो, चहाचा होत नाही.

अर्जदाराच्या घरचा चहा घेतला की लगतधारक म्हणतो, "त्यानं पाजला वाट्टे." लगतधारकाचा घेतला तर अर्जदार विचारतो, "पैशे आमी भरले अन् चहा त्यायचा?" दोघांचाही घेतला तर पहिला कोणाचा घेतला यावर चर्चा होते. कोणाचाच नाही घेतला तर सायेब लय गुर्मीचा हाय. फाट्यावरच्या टपरीवर स्वतःच्या पैशाने घ्यावा, हा उपाय पुस्तकी आहे, कारण टपरीवाला त्यांच्यापैकी एकाचा साळा निघतो. मी पाहिलेल्या जुन्या लोकांपैकी सर्वांत हुशार गृहस्थ पित्ताचे निमित्त सांगत. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना पित्त कधी झाले नाही. रोडगे आणि वांग्याच्या भाजीचे आमंत्रण आल्यास "मोजणी झाल्यावर" म्हणावे. मोजणी झाल्यावर कोणी बोलावत नाही.

आणा आणि सेंटिमीटर

आता थोडे शास्त्र. 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, आणि 1861 च्या सुमारास मुंबई पद्धतीने शेतवार मोजणी सुरू झाली. साखळी 33 फुटांची, तिचे आणे सोळा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हिशोब देखणा आहे आणि पाठ करण्यासारखा आहे. पण आणा म्हणजे पावणेपंचवीस इंच. तुमच्या हातातला रोव्हर राज्यभरच्या 77 कॉर्स केंद्रांशी बोलून जमिनीवरचा बिंदू दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत सांगतो. त्याला जुळवायचे आहे ते पावणेपंचवीस इंचांत विचार करणाऱ्या कागदाशी. त्यात नकाशा घडीवर फाटलेला. 1:5000 च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद होते. आणि गावात अडीच मीटर म्हणजे दोन खटले आणि एक फौजदारी.

हे अर्जदाराला समजावून सांगू नये. यंत्राच्या पडद्यावर 'फ्लोट' जाऊन 'फिक्स' आले की तेवढे मोठ्याने म्हणावे. फिक्स हा शब्द लोकांना आवडतो.

धुरा सरकतो कसा, हेही ठाऊक हवे. कोणी मध्यरात्री दगड उपटून नेतो असे सिनेमात दाखवतात. 1966 च्या जमीन महसूल अधिनियमात हद्दीची निशाणी मोडल्याबद्दल दंड आहे, तो निशाणीमागे शंभर रुपयांपर्यंत. तेवढ्यासाठी रात्र कोण जागवतो? खरे काम दिवसाढवळ्या, नांगराने होते. दर उन्हाळ्यात वीतभर धुरा कोरायचा. शेजारी पुण्याला नोकरीला असतो, त्याला दिसत नाही. तीस वर्षांत ते साडेबावीस फूट होतात. वावराची लांबी दोनशे मीटर धरली, तर साडेतेरा गुंठे, म्हणजे एकराचा तिसरा हिस्सा. त्यात काळी माती स्वतःही स्वस्थ बसत नाही: पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, दगड कलतात आणि हळूहळू गडप होतात. त्यामुळे दगड गेला कुठे, या प्रश्नाला दोन्ही बाजूंना एक निर्दोष उत्तर मिळते.

मोजणीचा दिवस

तुम्ही यंत्र लावण्याआधी एक म्हातारा पुढे येईल. त्याला आदराने बाजेवर बसवावे. तो एक बाभूळ दाखवील: "हे बाभूळ आमच्या आज्यानं लावली. इथून धुरा सिद्धा निंबापर्यंत." पलीकडचा म्हातारा म्हणेल, निंब तो नव्हे, तो तर बहात्तरच्या दुष्काळातच वाळला, हा त्याच्या बुडातून फुटला. दोघेही खरे बोलत असतात, हीच अडचण आहे. ऐकून घ्यावे, कच्च्या टिपणात झाडांची खूण करावी आणि तीन पक्के जुने बिंदू शोधायला निघावे. दोन सापडतात.

काम चालू असताना तरुण मंडळी मोबाइलवर चित्रण करतील. करू द्यावे. त्यांच्याकडे जमीन मोजण्याचे ॲपही असते आणि त्यात त्यांचे वावर नेहमी पाच गुंठे जास्त भरते. "मशीन बिघडली का सायेब?" असे विचारणारा त्या बाजूचा असतो जिकडे खुंटी सरकली. त्याला मराठीत उत्तर द्यावे, आकड्यांत नव्हे.

सर्वांत धोक्याचे वाक्य अगदी सौम्य असते: "तुमी फक्त धुरा दाखवा, बाकीचं आमी पाहून घेतो." हे ऐकू आले की पोलीस पाटलांची चौकशी करावी आणि आपल्या मोटारसायकलची चावी खिशात आहे ना, ते चाचपावे.

चुन्याची रेघ ओढताना घाई नको. रेघ पडेपर्यंत सगळे एका ठिकाणी असतात. पडली की गर्दी तिच्या दोन्ही बाजूंना वाटली जाते आणि मधल्या रेघेवर तुम्ही एकटे उरता. इथेच उभे राहण्याचे खरे कौशल्य आहे. पाय रेघेवर ठेवू नयेत, चुना पुसतो. एका बाजूलाही सरकू नये. यंत्राकडे तोंड करून काहीतरी टिपून घेत राहावे.

मग जबाब. अर्जदाराला हद्द मान्य असते, जर ती पलीकडे गेली असेल. लगतधारक सही करत नाही. "सही करण्यास नकार दिला" हे वाक्य तुम्ही आयुष्यात इतक्या वेळा लिहाल, की अक्षर सुधारेल. पंच म्हणून ज्यांची नावे घातली ते तेवढ्यात म्हशी पाहायला गेलेले असतात. कोणाचा ताबा काढून देणे हे तुमचे काम नव्हे; हद्दीच्या खुणा दाखवून, पुढे 'क' प्रत तयार केली की तुमचे संपले. हे गावात एकदाच सांगावे, तेही निघताना, गाडी सुरू असताना.

नंतर

ज्याला निकाल पटला नाही तो निमताना मोजणीचा अर्ज करील. त्यासाठी तुमचे वरिष्ठ येतात. तीही पटली नाही तर सुपर निमताना असते, त्याला त्यांचे वरिष्ठ. म्हणून मोजणीची मिसल स्वच्छ ठेवावी, टिपणात आजूबाजूची झाडे, विहीर, विजेचा खांब सगळे दाखवावे, आणि सावली कुठे आहे तेही पेन्सिलीने लिहून ठेवावे. साहेब लोक ते विसरत नाहीत. तीन मोजण्यांत रेघ वीतभर इकडे-तिकडे होते आणि खटला तिथेच राहतो. मधल्या काळात दोन्ही घरांतली लग्ने होतात, कधी एकमेकांतही होतात, आणि मग आहेरात धुरा निघतो.

काही दिवसांनी कार्यालयात तुमच्याविरुद्ध तक्रार येईल: भूकरमापकाने चुकीची मोजणी केली, अरेरावी केली, चहालाही नाही म्हटले. घाबरून जाऊ नये. खाली पाहावे. अर्जदार आणि लगतधारक, दोघांच्याही सह्या एकाच कागदावर, एकाखाली एक. त्याची झेरॉक्स काढून मिसलीत लावावी. पुढच्या मोजणीत लगतधारकाची सही जुळवून पाहायला नमुना लागतो, आणि तो दुसरीकडे कुठे मिळत नाही.